घट्ट स्क्रू

अष्टमी गावात, रोह्याला जाणाऱ्या पुलाजवळ त्याचं दुकान होतं. मोडीत निघालेले वॉकमन, कॅल्क्युलेटर विकत घेऊन तो खोलायचा आणि सुटे भाग विकायचा. हात असा पक्का, की प्लॅस्टिकवर कधी ओरखडा उठला नाही. गिऱ्हाइकांशी तुटक बोलायचा, घट्ट स्क्रूशी मात्र लाडीगोडीनं, "थांब गो, दुखनार नाय."

एकदा मी सुटं झाकण घ्यायला गेलो होतो. त्याच्या बायकोनं जेवणाचा डबा डाव्या हातानं ठेवला. उजवा खांदा तिला उचलवत नव्हता. म्हणाली, "मला पन कदी इचार, दुखतंय का."

त्यानं वॉकमन अर्धा उघडाच सोडला, शटर ओढलं आणि तिला रोह्याला डॉक्टरकडे घेऊन निघाला. मी मागेच होतो. पुलाच्या मध्यावर ऐकू आलं, "सावकास गो."