डॉक्टरकाकूंनी दिलेला शब्द

डॉक्टरकाकू कुठलाही अहवाल शेवटच्या पानापासून वाचत. "पुढची पानं साहेबांसाठी असतात," म्हणत, "खरं काय ते परिशिष्टात दडवलेलं असतं." काकू मूळच्या नागपूरच्या. आफ्रिकेतल्या एका लहान देशात वीस वर्षं सरकारी दवाखाना चालवून, युद्ध संपल्यावर त्या अमेरिकेत ॲन आर्बरला मुलाकडे आल्या होत्या.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. त्या देशाची आरोग्यव्यवस्था पुन्हा उभी करायचा आणि तिच्यासाठी परदेशी कर्ज मिळवायचा आराखडा माझे प्राध्यापक करत होते. मी त्यांचा विद्यार्थी. दर शनिवारी नकाशा घेऊन काकूंच्या स्वयंपाकघरात जायचो. पोळी तव्यावर टाकून त्या पेन्सिल उचलायच्या आणि माझे दवाखाने खोडायच्या. "याला छप्पर नाही. हा तर जाळला. आणि इथं नर्सच नाही, मग दवाखाना कसला रे? नुसत्या भिंती." त्या शनिवारांइतकं मन लावून मी पुढे कधीच काम केलं नाही.

मुलगा चिडवायचा, "आई, रिटायर हो ना. इट्स नॉट युवर कंट्री एनीमोर."

"जन्मलास तेव्हा तिथल्याच नर्सनं तुला पाय धरून उलटा केला म्हणून रडलास," काकू म्हणायच्या, "नाहीतर आज मला इंग्रजी शिकवायला नसतास."

युद्धात तिथल्या नर्सेसनी बिनपगारी काम केलं होतं. नवं सरकार आलं की पगार सुरू होतील, असा शब्द काकू त्यांना देऊन आल्या होत्या. "इमारती देणारे पुष्कळ भेटतात, पगार देणारा एक दाखव," हे त्यांचं पालुपद. अहवालातलं पगाराचं प्रकरण त्यांनी समोर बसवून माझ्याकडून लिहून घेतलं.

प्राध्यापक म्हणाले, कर्ज देणारे पगारासाठी देत नाहीत. हे ठेवलं तर सगळंच अडेल. मी ते प्रकरण काढून टाकलं. काकूंनी विचारलं तेव्हा "आहे ना, काकू" म्हणालो. माझी पदवी त्या अहवालावर अवलंबून होती, हे खरं. पण खोटं बोलायला मला कोणी सांगितलं नव्हतं.

छापील प्रत वाचून त्यांनी मला बोलावलं. ओरडल्या नाहीत. "मला सांगायचंस रे. मी भांडले असते. हरलेही असते. पण भांडले असते."

महिन्याभरात त्या परत नर्सेसकडे निघाल्या. असलं पत्रानं कळवायचं नसतं, म्हणाल्या. विमानतळावर मीच सोडायला गेलो. वाटेत बर्फावर, माझ्या गाडीच्या बिघडलेल्या हीटरवर नेहमीसारख्या बोलल्या. आत जाण्याआधी मात्र थांबल्या.

"त्या विचारतील. काय सांगू त्यांना? तूच सांग."

तो टोमणा नव्हता. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. मागच्या माणसांना पुढे जाऊ देत त्या माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. त्यांची पिशवी माझ्याच हातात होती. शेवटी त्यांनीच ती माझ्या हातातून घेतली.