वाटी आतून कोरायची राहिली

कुरिअरवाला चक घेऊन आला तेव्हा माझी दाढी अर्धी झाली होती. लेथवर फिरणारं लाकूड घट्ट धरून ठेवतो तो चक. आम्ही दोघं त्याच्यासाठी उतावीळ झालो होतो. गालावर साबण तसाच ठेवून मी वसंताला फोन लावला आणि कोणी उचलताच सुरू झालो, "अबे ये लवकर, आला तुहा चक! बहुत वजनदार आहे!" फोनवर त्याची सून होती, कल्याणी. ती म्हणाली, "काका... बाबा गेले. आत्ताच. चहा पिऊन राहिले होते..." मी विचारलं, "कुठं गेले?" खरंच, असंच विचारलं मी. आदल्या संध्याकाळी जो माणूस माझ्या शेडमध्ये उभा राहून माझ्यावर खेकसत होता, तो जाऊन जाऊन जाईल कुठं? फार तर बाजारात. त्याच्या घरी पोहोचलो तेव्हा साबण गालावर वाळला होता, आणि माझ्याकडे बघून कोणीच हसलं नाही. तेव्हा कळलं.

कोराडीच्या वीज केंद्रात तो वर्कशॉपमध्ये टर्नर, मी स्टोअरमध्ये. उभा जन्म त्यानं लोखंड तासलं. रिटायर झाला, नात झाली आणि डोक्यात किडा वळवळला: नातीच्या उष्टावणाला पहिला घास आपण घडवलेल्या लाकडी वाटीतून द्यायचा. "चांदीची वाटी तं सोनारही देते. आजानं काय केलं मंग?" म्हणून लाकडाचा छोटा लेथ आला, आणि त्याच्या घरी जागा नाही म्हणून माझ्या शेडमध्ये बसला. मला विचारलं? छे! "तुले तरी काय काम आहे गा?" एवढंच.

लेथसोबत काय काय घ्यायचं, यावर आमची रोज जुंपायची. मी म्हणायचो, आपण नवशिके, दोन टोकांमध्ये लाकूड धरायचे सेंटर पुरेत, आधी लाटणी करू. तो म्हणायचा, "वाटी पोकळ करायची तं एक बाजू मोकळी नको का बे?" ते पटलं. पण चक कोणता? "लेथ म्हणजे लेथ," असं म्हणत हा पठ्ठ्या इतवारीतून लोखंडाच्या कामाचा तीन जबड्यांचा चक घेऊन आला, शिवणीच्या लाकडाचा ठोकळा त्यात धरला आणि सवयीनं दणकून पिळला. कड्! ठोकळा मधोमध उलला. मी हसून हसून खाली बसलो. तो मात्र तुकडा हातात घेऊन बघत राहिला. "लोखंड कधी असं ओरडलं नाही गा," म्हणाला. मग फुगून काही दिवस फिरकलाच नाही.

आला तो फेसप्लेट घेऊन. म्हणजे लोखंडी चकती; जिथं वाटीचं तोंड येणार त्या बाजूनं स्क्रू मारून तिच्यावर ठोकळा बसवायचा. पिळापिळी नाही, आणि स्क्रूची भोकं पुढं कोरताना निघून जातात. तिच्यावर त्यानं वाटीची बाहेरची बाजू काढली. अशी गोल, अशी गुळगुळीत की मी मुद्दाम खोट काढायला बसलो तरी सापडेना. बुडाला छोटासा खूर, म्हणजे धरायला गोल उंचवटा, ठेवला. आता तो खूर लाकूडकामाच्या चार जबड्यांच्या चकात हलकेच धरायचा आणि वाटी आतून कोरायची. आपल्या लेथचे आटे जुळतील याची खात्री करून तो चक मागवला होता. "आतून मी कोरू का?" असं मी आदल्या संध्याकाळी विचारलं, त्यावरच तो खेकसला होता, "काहून? तुही नात आहे का?"

तेराव्यानंतर कल्याणी आली. "काका, उष्टावणाचा कार्यक्रम नाही करत. पण घास बाबांच्याच वाटीतून भरवायचा आहे. होईल का ती?" मला रागच आला. तिच्यावर नाही, वसंतावर! अरे, असं कोणी अर्ध्यावर उठून जातं का? चहाचा कप तरी संपवायचा! मी म्हणालो, "मले येत नाही वं." ती म्हणाली, "बाबांले तरी कुठं येत होतं?"

परवा चक चढवला. खूर जबड्यांत धरला, बेतानं पिळला. बटण दाबलं आणि पाय आपोआप बाजूला झाले, लेथसमोरची जागा सोडून... ती त्याची. वाटी फिरत राहिली आणि मी भिंतीला टेकून वाट बघत राहिलो. कोणाची, देव जाणे. मग पुढं झालो. तो बुटका, म्हणून तिथं पायाखाली त्यानं एक फळी टाकलेली. मी ताडमाड. फळी सरकवली असती तर हात नीट पोहोचले असते. नाही सरकवली. तिच्यावर चढलो, कमरेत वाकलो, हत्यार टेकवलं, आणि पहिली ढलपी उडाली.