क्रँक, खल अन समोरचा दात

सायकलच्या पायी माया समोरचा दात पडला. सायकलवरून पडून नाही. जेवता जेवता पडला.

सायकल मायी बायको कमलाची. मेथी, सांबार (कोथिंबीर) लादून याच सायकलवर ती आसेगावच्या बाजारात जाये. ती गेली त्याले वर्ष होईन आता. तवापासून सून वंदना त्याच सायकलवर भाजी नेते. पण उजवा क्रँक (पायडल ज्या दांड्याले लागते तो) ढिला झाला. पाय देला का गचका खाये. पोरगा गजानन म्हणे, "बाबा, भंगारात देऊन टाकू. शनिवारी भंगारवाला येते."

"तुया मायची सायकल भंगारात? मी करतो दुरुस्त."

"दुकानात न्या ना मंग."

"कायले? मले काय हात नाहीत?"

हात होते. अक्कल नोती.

क्रँक एका पिनेवर अडकलेला असते. तिचा नट खोलाचा, पिन ठोकून काढाची, का क्रँक हातात. नट सहज निघाला. तेवढीच काय ती सायकल मले राजी झाली. मंग क्रँकखाली टेका पाहिजे, नाही तर ठोका वाया जाते. सून वावरात गेलती. मी सैपाकघरातून कमलाचा लोखंडी खल आणला, विटांवर ठेवला, नट हरवू नये म्हणून त्यातच टाकला, अन हाणला हातोडा!

पिन निघाली नाही, वाकली. अजून हाणला, तं चेपून बसली. ना मांगं, ना पुढं. (कमला म्हणाली असती, "तुमाले जल्मभर ठोकून मी थकली, तुमी आता तिले कायले ठोकता?") जरा वेळ तसाच खलाले हात लावून बसलो.

तेवढ्यात सुनेची चाहूल लागली. मी खल धोतरानं बाहेरून पुसला अन जाग्यावर नेऊन ठेवला. आतून कोण पाह्यते?

सून पाह्यते. पण त्या रोजी लाइन गेलती. मिक्सर बंद, सैपाकघरात अंधार. तिनं खलात मिरच्या, लसूण टाकला अन कुटला. खल लोखंडी, बत्ता लोखंडी, त्यात नटाचा आवाज वेगळा कोणाले येईन?

जेवाले बसलो. भाकरीवर ठेचा घेतला. तोंडात कडकन वाजलं.

"काय झालं, मामाजी?"

हातावर काढून पाह्यलं. एक नट, एक दात.

गजाननानं दोन्ही ओळखले, अन जो हासत सुटला! वंदना पदरात तोंड घालून हासली. कमला गेल्यापासून या घरात कोणी असं हासलं नोतं. मी बी हासलो, पण समोरून नुसती हवाच निघाली.

दुसऱ्या दिवशी गजाननच सायकल दुकानात घेऊन गेला. नवी पिन बसवून आणली. शनिवारी भंगारवाला आला, तं त्याले म्हणे, "नाही देत बापा. हिच्यापायी आमच्या बाबानं दात देला."

काल वंदना सांगत होती, डावा क्रँक बी हालून राह्यला. सांगाच्या आधी तिनं खल कपाटात घालून कुलूप लावलं.

म्हणलं, लाव. माये अजून चार दात हायेत.