चिवड्याच्या डब्यातलं पिस्तूल

परदेशी माहितीपटांना मराठी आवाज देणं हे माझं काम. अंधेरीतल्या एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर स्टुडिओ आहे, तिथे काचेमागे बसून मी कधी सिंहिणीची गोष्ट सांगते, कधी एखाद्या शास्त्रज्ञ बाईची. पद्धत अशी की पडद्यावरच्या बाईचे पहिले दोन शब्द तिच्याच आवाजात ऐकू द्यायचे, मग तिचा आवाज खाली जातो आणि त्याच्यावर माझा चढतो. ऐकणाऱ्याला वाटतं, ती बाईच मराठीत बोलतेय. कामात भावना पाहिजे, पण फार नको. फार रडलात तर डबिंगवाला पोरगा म्हणतो, "ताई, सिरियल नाहीये ही."

बंदुकांवरच्या फिल्म गेल्या काही वर्षांत बऱ्याच आल्या आणि त्यांचा साचा मला तोंडपाठ झालाय. सुरुवातीला अमेरिकेतली एखादी वसाहत वरून दिसते, एकसारखी छपरं, कापलेली हिरवळ, खाली पियानो. मग एक आई बोलते. मग फिल्म काढणारा विमानात बसून दुसऱ्या देशात जातो. तिथे थंडी असते, लोक कॉफी पीत बसलेले असतात आणि 'तुमच्याकडे बंदूक आहे का?' असं विचारलं की हसतात. एखादा म्हातारा शिकारी कुलूपबंद कपाट उघडून आपली बंदूक दाखवतो आणि परत कुलूप लावतो. झालं. एक देश वेडा, दुसरा शहाणा, आणि आपण सोफ्यावर बसून मान डोलवायची. आपला देश एका फिल्ममध्ये अर्धा मिनिट आला होता, तोही धूळ, गर्दी आणि गावठी कट्टे एवढाच. मी वैतागून रेकॉर्डिस्टला म्हटलं होतं, "अरे, माझ्या मामाची बंदूक दाखवा म्हणावं यांना!"

मामाकडे खरंच ठासणीची बंदूक होती. कोकणात भातात रानडुकरं शिरतात, त्यासाठी परवाना काढून घेतलेली. दसऱ्याला कोयता, विळी, कुदळ यांच्या शेजारी तीही पाटावर बसायची, हळदकुंकू लावून, वर झेंडूचं फूल. निवडणूक लागली की मामा तिला गोणपाटात गुंडाळून एसटीने तालुक्याच्या पोलीस ठाण्यात जमा करायला न्यायचा आणि मामी दारात उभी राहून म्हणायची, "गेली बाय म्हायेराक!" बंदूक म्हणजे माझ्या डोक्यात हे. तिची भीती मला कधी वाटली नाही. आमच्या भीतीचा प्राणी वेगळा. मुलुंडला आमची सोसायटी डोंगराला लागून आहे, बिबट्या मागच्या भिंतीवरून जाताना दोनदा कॅमेऱ्यात आलाय. लिफ्टशेजारी सूचना लावलेली असते, की अंधार पडल्यावर लहान मुलांना एकटं खाली सोडू नये. ती वाचून पोरं आणखी चेकाळतात.

मुलगी अमेरिकेत असते. तिची मुलगी दुसरीत आहे. दरवर्षी दिवाळीचा फराळ मी कोणा ना कोणाबरोबर पाठवते. यंदा आमच्या वरच्या मजल्यावरची मुलगी त्याच शहरात परत चालली होती, तिच्या बॅगेत जागा मिळाली. फराळाचं सामान खरेदी करायला बाजारात गेले, तर फटाक्यांच्या दुकानात टिकल्यांची पिस्तुलं टांगलेली. माझी मुलगी लहानपणी त्या पिस्तुलासाठी जीव टाकायची. नवे कपडे नको, फुलबाजी नको, टिकल्यांची पुडी संपेपर्यंत जिन्यावर ठो ठो चाललेलं. मी ठरवलं, नातीलाही द्यायचं. टिकल्या विमानातून नेता येत नाहीत एवढी अक्कल मला होती, म्हणून नुसतं पिस्तूल घेतलं. लाल-हिरव्या प्लॅस्टिकचं होतं ते पोरकट वाटलं. दुकानदाराने काळं काढून दिलं, जड, अगदी खऱ्यासारखं. मी खूश झाले. पिशवीत गुंडाळून चिवड्याच्या डब्यात खोल दाबलं, म्हणजे चिवडा खाता खाता सापडेल आणि मजा येईल.

फराळ पोचला. मुलगी फोनवर म्हणाली, चकल्या थोड्या मोडल्यात, लाडू झकास आहेत. पिस्तुलाबद्दल चकार शब्द नाही. मी फुगून बसले. एवढ्या हौसेने पाठवलं, साधं 'सापडलं गं' तरी म्हणावं माणसाने.

त्यानंतर काही दिवसांनी स्टुडिओत अशीच एक फिल्म आली होती. तोच साचा, तीच छपरं. आई होती ती माझ्याहून पुष्कळ लहान, केस घट्ट बांधलेले. तिचा मुलगा घरासमोरच्या हिरवळीवर हातात पिस्तूल घेऊन उभा होता. पलीकडच्या कोणीतरी ते पाहून पोलिसांना फोन केला आणि पोलीस आले ते बंदुका रोखूनच. पुढचं तिने सांगितलं नाही, फिल्मनेही दाखवलं नाही, नुसती हिरवळ दाखवली. संहिता मी सकाळीच वाचली होती. इंग्रजीत तिचं बोलणंही दोनदा ऐकलं होतं आणि खोटं कशाला बोलू, मी फक्त वाक्य किती लांब आहे ते बघत होते. मग माझी पाळी आली. तिचे दोन शब्द गेले, आवाज खाली आला आणि मी बोलले, "खेळण्यातलं होतं ते. तिच्या आजीने दिलेलं."

"ताई, 'त्याच्या'," काचेपलीकडून पोरगा म्हणाला. "मुलगा आहे तो. आणि आजीबिजी नाहीये वाक्यात."

मी संहितेत पाहिलं. आजी कुठेच नव्हती. ते शब्द माझ्या तोंडून आपोआप आले होते. हेडफोन मानेवर तसाच लटकवून मी बाहेर पळाले. पोरगा मागून "ताई, काय झालं? बरं वाटत नाही का?" म्हणत होता. मी त्याला हातानेच थांबवलं.

बोळात उभी राहून मुलीला फोन लावला. इथे संध्याकाळ होत होती, म्हणजे तिथे सकाळ, शाळा भरायची वेळ. रिंग वाजत राहिली. परत लावला. जावयाला लावला, तो बंद. आणि तेवढ्यात मला आणखी एक आठवलं. नात परवाच सांगत होती, या आठवड्यात शाळेत प्रत्येकाने आपल्या सणाची एक वस्तू घेऊन यायची आणि वर्गासमोर तिची माहिती सांगायची. मीच तिला शिकवत होते, दिवाळीला आम्ही काय काय करतो ते. तिने ते पिस्तूल दप्तरात टाकलं असेल तर? बसमध्ये काढून मैत्रिणीला दाखवलं असेल तर? काळं घेतलं मी. लाल-हिरवं होतं तिथे, दुकानदार विचारत होता, आणि मी काळं घेतलं. आतापर्यंत कुठल्या कुठल्या आयांच्या तोंडी मी मराठी घातलं होतं, त्या सगळ्या माझ्या डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या. मी देवाला नवस बोलले नाही, काही सुचलंच नाही. नुसती 'उचल, उचल' म्हणत राहिले.

शेवटी तिचाच फोन आला. "आई, गाडी चालवत होते गं. काय झालं? बाबा ठीक आहेत ना?"

"ती शाळेत काय घेऊन गेली?"

"काय?"

"सणाची वस्तू! काय नेलंय तिने?"

"पणती. तू पाठवलेली, मातीची. का? रडतेयस का तू?"

मी भिंतीला टेकून खाली बसले. जीव भांड्यात पडला. मी तिला पिस्तुलाचं विचारलं.

"मी तुला सांगणार नव्हते," ती म्हणाली. "तुला वाईट वाटलं असतं. ते तिलाच आधी सापडलं. मी किचनमध्ये होते. वळून बघते तर ही खिडकीत उभी, पिस्तूल बाहेर रस्त्याकडे धरून. आई, मी अशी ओरडले ना! मी आयुष्यात अशी ओरडले नसेन. पडदा ओढला, ते हिसकावून घेतलं. नंतर हातोडीने तुकडे केले त्याचे. इथे ते अख्खं कचऱ्यात टाकायचीही भीती वाटते."

"पोर घाबरली असेल गं."

"तेच तर. वळून बघते तर ती कुठेच नाही. डायनिंग टेबलाखाली, भिंतीला चिकटून, गुडघे पोटाशी, तोंडावर हात. शाळेत शिकवतात त्यांना. बंदूकवाला आला तर असं बसायचं, आवाज करायचा नाही. मी म्हटलं, बाळा ये, मम्मा आहे, काही नाही झालं. येईना. शाळेत सांगितलंय, बाहेरून कोणी हाक मारली तरी यायचं नाही."

"आईने मारली तरी?"

"आईने मारली तरी."

बोळातून कोणीतरी चहाचे ग्लास घेऊन गेलं. मी पाय आखडून घेतले आणि विचारलं, "मग?"

"मग काय, मीच गेले टेबलाखाली. तिच्या शेजारी बसले. तिला सांगायला लागले, ते आजीने पाठवलेलं खेळणं होतं, मी लहानपणी त्याने खेळायचे, तर तिने माझ्या तोंडावर हात ठेवला."