पेटीत पडलेल्या दोन चिठ्ठ्या

त्या आठवड्यात मी देवावर रुसले नव्हते. त्याच्याकडे काय मागावं, तेच मला कळत नव्हतं. लहानपणापासून प्रार्थनेत वाढलेल्या बाईला हे कबूल करताना लाजच वाटते. आम्ही मूळचे नगरचे ख्रिस्ती. हे निवृत्त झाल्यावर बेंगळुरूला, व्हाइटफील्डमध्ये मुलाकडे राहायला आलो आणि वर्षभरातच ह्यांच्या हृदयाची झडप निकामी होत आली. ऑपरेशन ह्या वयात झेपेलच असं नाही आणि नाही केलं तर फार दिवस नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. मुलगा म्हणे, करूया. मुलगी फोनवर रडायची, बाबांचे हाल नकोत म्हणायची. शेवटी दोघांनी निर्णय माझ्या गळ्यात घातला. हे हॉस्पिटलातच होते आणि सोमवारी सकाळी डॉक्टरांना हो की नाही ते सांगायचं होतं.

रविवारी जवळच्या चर्चमध्ये गेले. तिथली उपासना कन्नडमधून चालते. माझ्या पदरात 'येसू' आणि 'आमेन' एवढंच पडतं. दाराशी एक पेटी असते. विनंती चिठ्ठीवर लिहून तिच्यात टाकायची, मग उपासना संपल्यावर चारजणी मागच्या खोलीत बसून एकेका चिठ्ठीसाठी प्रार्थना करतात. मी लिहिलं, 'प्रभू, ह्यांचं ऑपरेशन सुखरूप होऊ दे.' लिहिलं आणि मुलीचं रडणं आठवलं. दुसरी चिठ्ठी घेतली, 'प्रभू, ऑपरेशन टळू दे.' एक टाकायची, एक फाडायची, असं ठरवून उठले खरी, पण कुठली फाडायची ते ठरेना. मागे माणसं खोळंबली होती. त्या घाईत दोन्ही पेटीत गेल्या.

थोड्या वेळाने मला आत बोलावलं. त्या चौघींतल्या एक अक्का बेळगावकडच्या, त्यामुळे मराठी चिठ्ठ्या त्याच वाचतात. आणि तिथे मराठीत लिहिणारी मी एकटीच.

"दोन्ही तुमच्याच की हो? एकीत होऊ दे, एकीत नको. देवानं ऐकायची तरी कुठली?"

मी ओशाळून हसले आणि हसता हसता रडूच फुटलं. "मलाच कळत नाही हो अक्का."

"सरी, बरं. मग असू दे तसंच." त्यांनी दोन्ही चिठ्ठ्या एकावर एक ठेवल्या, वर माझा हात ठेवला आणि डोळे मिटून ह्यांचं नाव घेतलं. मागितलं काहीच नाही. कितीतरी दिवसांनी मला नीट श्वास घेता आला. मग त्यांनी सहज विचारलं, "साहेब काय म्हणतात?"

मी डॉक्टरांना विचारलं होतं, मुलांना विचारलं होतं, देवाला तर भंडावून सोडलं होतं. ह्यांना ताण नको म्हणून आम्ही सगळं खोलीबाहेर उभं राहून बोलत होतो.

तशीच हॉस्पिटलात गेले आणि ह्यांच्या पलंगाशी बसून सगळं सांगितलं. हे शांतपणे ऐकत होते. म्हणाले, "अगं, मला कुणी विचारतंय का, याचीच वाट बघत होतो. मला घरी ने."

घरी चार महिने मिळाले. रोज संध्याकाळी आम्ही गॅलरीत बसून प्रार्थना करायचो आणि मी मध्येच अडले की पुढचं हे म्हणायचे. ऑपरेशन केलं असतं तर, हा विचार अजूनही येतो. पण ते चार महिने प्रभूने दिले, याबद्दल मनापासून त्याचे आभार मानते. पेटीत अजून चिठ्ठी टाकते. परवा मुलाच्या काळजीने गेले होते. त्याचं नाव लिहिलं, पुढे काही सुचेना, म्हणून तेवढंच ठेवून चिठ्ठीची घडी केली.