व्याह्यांच्या रिव्हॉल्व्हरचं पाचवं घर

मूर्खपणा एकट्यात केला तर पचतो हो. मी केला तो होणाऱ्या व्याह्यांसमोर, आणि तोही अख्खी शूटिंग रेंज थांबवून. चहा घ्या, बसा नीट. आज मीच सांगून टाकतो, नाहीतर बायको सांगेल, आणि आमची मीना तिखटमीठ लावून सांगते.

तर झालं असं. आमची मुलगी सायली जन्मली, वाढली इथे सातासमुद्रापार, ट्रॉयमध्येच. तिनं कोल नावाच्या मुलाशी लग्न ठरवलं. मुलगा गुणी आहे, पोहे दुसऱ्यांदा मागून खातो. त्याचे वडील डेल मात्र उत्तरेला जंगलाच्या कडेला राहतात, सुतारकाम करतात, आणि त्यांचा छंद ठासणीच्या बंदुकांचा. त्यांचा निरोप आला, शनिवारी रेंजवर या, आपण दोघंच, ओळख होईल.

आता मला सांगा, मुलीच्या बापानं व्याह्यांना पहिल्यांदा भेटायचं म्हणजे काय? सोफ्यावर बसायचं, ‘प्रवास कसा झाला’ विचारायचं, बशीतला लाडू अर्धा ठेवायचा. इथे म्हणे हातात रिव्हॉल्व्हर घ्यायचं! मी आयुष्यात दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलाच्या पुढे गेलो नव्हतो. पण खोटं कशाला बोलू, उत्सुकता प्रचंड होती. तीस वर्षं मी ब्रेकच्या कारखान्यात क्वालिटीत, म्हणजे मालातले दोष शोधण्यात काढली. कुठलंही यंत्र दिसलं की ते आतून कसं चालतं हे पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही.

निघताना सायलीचा फोन आला. “बाबा, प्लीज, त्यांना काही एक्स्प्लेन करू नका. जस्ट लिसन, ओके?”

मी ओके म्हणालो. मनात एकच होतं, मुलीच्या बापाची शोभा होता कामा नये. लग्न जमलेलं आहे, पण पहिल्या भेटीत जे मत बनतं ते जन्मभर टिकतं.

डेल म्हणजे सहा फुटी माणूस, पांढरी दाढी, आवाज मऊ. गाडीतून उतरल्या उतरल्या म्हणाला, मला नुसतं डेल म्हणा. व्याह्यांना एकेरी! पण इंग्रजीत सगळेच ‘यू’, त्यामुळे तो प्रश्न आपोआप सुटला. त्यानं लाकडी पेटी उघडली आणि मी हरखलोच. त्या रिव्हॉल्व्हरला काडतूस नसतंच हो! चक्राला सहा घरं. प्रत्येक घरात समोरून मोजून काळी दारू ओतायची, फटाक्यात असते तशी. तिच्यावर शिशाची गोळी ठेवायची आणि खालच्या दांड्यानं दाबून ठासायची. घराच्या मागे एक पोकळ स्क्रू असतो, त्यावर शेवटी तांब्याची इवलीशी टोपी बसवायची. घोडा टोपीवर आपटला की ठिणगी स्क्रूमधून आत जाते आणि बार उडतो. घरं सहा असली तरी भरायची पाचच, घोडा रिकाम्या घरावर टेकलेला असावा म्हणून.

डेलनं पाच छोट्या नळ्यांत दारू मोजून आणली होती. म्हणाला, एका घरात दारू, लगेच गोळी, मग पुढचं घर. मी असंच करतो.

इथे माझ्यातला क्वालिटीवाला जागा झाला. मी म्हणालो, त्यापेक्षा आधी पाचही घरांत दारू, मग पाचही गोळ्या. लाइनवर काम असंच होतं, वेळ वाचतो. डेल म्हणाला, तुम्हाला सोयीचं वाटेल तसं करा. बिचारा तोही मुलीच्या बापाला दुखवायचं नाही म्हणून गप्प बसला असणार, हे मला आत्ता कळतंय.

मी नळ्या रिकाम्या करायला लागलो. आमचं चाळीसगावला भुसारी दुकान होतं, त्यामुळे माप ओतताना तोंडातून जे निघायचं तेच निघालं. “लाभ, दोन, तीन, चार.”

डेलनं विचारलं, पहिल्याला तुम्ही काय म्हणालात?

झालं! मला कुणी असं विचारलेलं चालतं का? नळी ठेवली बाजूला आणि सुरू झालो. आमच्याकडे धान्य मापताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. का म्हणतात, गिऱ्हाईक कसं खूश होतं, वडील पायलीवर हात कसा फिरवायचे, सगळं सांगितलं. शेवटी त्याला बोटांवर मोजूनही दाखवलं, लाभ, दोन, तीन, चार, पाच. त्यानंही माझ्यामागून म्हटलं. मराठी आकडे त्या दाढीतून फार गोड वाटले.

आणि माझ्या डोक्यानं नोंद केली की पाच झाले.

मी गोळ्या घेतल्या, एकेक ठेवून ठासल्या. डेल तेवढ्यात वळून टोप्यांचा डबा शोधत होता. ठासून झाल्यावर पाहतो तर टेबलावर एक नळी भरलेली.

आता इथे शहाण्या माणसानं काय केलं असतं? हात वर केला असता. मी काय केलं? विचार. घरं सहा, म्हणजे त्यानं नळ्याही सहा आणल्या असतील, ही सहावी जास्तीची असेल. मघाशी नळ्या पाचच आहेत हे मी स्वतः पाहिलं होतं, तरीसुद्धा. आणि ती नळी मी हळूच शर्टाच्या खिशात टाकली.

आम्ही नेम धरायच्या जागेवर गेलो. टोप्या तिथेच बसवायच्या असतात, रिव्हॉल्व्हरचं तोंड समोरच्या मातीच्या बांधाकडे ठेवून. पहिला बार असा काही उडाला की पांढऱ्या धुरात समोरचं काही दिसेना. दुसरा, तिसरा, चौथा. मी अगदी लहान मूल झालो होतो. पाचव्याला चाप ओढला तर नुसतं टुक.

“हलू नका,” डेल म्हणाला. “रिव्हॉल्व्हर समोरच. मोजा साठपर्यंत.”

कारण कधी कधी आत ठिणगी धुमसत असते आणि बार उशिरा उडतो. मी मोजत होतो. खिशातली नळी छातीला टोचत होती. साठपर्यंत पोचेतो मला सगळं कळलं होतं.

दुसरी टोपी लावली, पुन्हा टुक. डेलनं माझ्याकडे पाहिलं. विचारलं, काय झालं असेल?

किती सोपं होतं हो खरं सांगणं! पण समोर व्याही, बाजूच्या टेबलावर तीन अनोळखी माणसं, आणि मी गुणवत्तेचा तीस वर्षांचा मानकरी. तोंडातून निघालं, “दारू दमट असेल.”

डेलचा चेहरा पडला. ती दारू तो कपाटात, कोरड्या डब्यात, पोराला जपावं तशी जपतो. पण तो भांडला नाही. खालच्या आवाजात म्हणाला, तसं असेल तर इतरांना सांगायला हवं. कारण बाजूच्या तिघांनीही त्याच डब्यातली दारू घेतली होती!

त्यानं रेंजच्या प्रमुख बाईंना हाक मारली. सत्तरीच्या बाई, नारिंगी टोपी, गळ्यात शिट्टी. त्यांनी शिट्टी वाजवली, सगळ्यांना हत्यारं खाली ठेवायला लावली. डेलची दारू कुणी वापरू नका, म्हणाल्या. तिघं आपापल्या नळ्या उचलून पाहायला लागले. एक जण डेलला म्हणाला, इतक्या वर्षांत तुझ्याकडून असं झालं नव्हतं. डेल नुसता मान हलवत होता, आणि ते मला बघवेना. वर बाई मला विचारायला लागल्या, ठासताना दारूचा गोळा झाल्यासारखा लागला का? मी काय सांगणार? मी म्हणालो, थोडासा.

मग बाई आपल्या पेटीतून पाण्याची बाटली काढायला लागल्या. मला राहवलं नाही, विचारलं, पाणी कशाला? बाई म्हणाल्या, आत दारू अडकली असेल तर आधी ती भिजवून मारायची, मगच हात लावायचा. आत दारूच नसेल तर उपाय वेगळा. म्हणून आधी खरं काय ते कळावं लागतं.

डॉक्टरसमोर पोटदुखी लपवून डोकेदुखी सांगावी तसं मी करत होतो. खिशात हात घातला, भरलेली नळी काढली आणि टेबलावर ठेवली.

“दारू चांगली आहे,” मी म्हणालो. “ती आत गेलीच नाही. माझ्या खिशात होती.”

डेलनं नळी उचलली, उजेडात धरली. मग मला म्हणाला, “पेटत्या टोप्यांच्या शेजारी दारू खिशात ठेवायची नसते. ती पहिली चूक. बाकीचं आपण नीट करू.”

आणि काय सांगू, त्यानंतरची दहा मिनिटं मी लाज विसरून बघत राहिलो. बाईंच्या देखरेखीखाली डेलनं आधी खात्री केली की बाकीची चारही घरं उडालेली आहेत आणि एकाही घरावर जिवंत टोपी नाही. रिव्हॉल्व्हरचं तोंड सतत बांधाकडे. मग एका छोट्या पान्यानं पाचव्या घराचा तो पोकळ स्क्रू काढला. मागच्या भोकातून माझ्याच नळीतली चिमूटभर दारू आत सोडली. स्क्रू परत घट्ट बसवला. गोळी जागची हलली नाही ना, हे पुढून दांड्यानं दाबून पाहिलं. मग नवी टोपी बसवून रिव्हॉल्व्हर माझ्या हातात दिलं. मी चाप ओढला. बार कसला, उशी आपटल्यासारखा आवाज आला, पण गोळी बाहेर पडली आणि घर मोकळं झालं.

मी विचारलं, हा पाना मुद्दाम याचसाठी ठेवता? डेल म्हणाला, तो स्वच्छतेसाठी असतो, पण यासाठीही लागतो. बाईंनी बाजूच्या तिघांना विचारलं, दारू न घालता गोळी कुणी ठासली आहे? तिघांचेही हात वर. डेलचाही. बाईंचाही. मी जी चूक लपवायला एवढा आटापिटा केला, ती तिथल्या प्रत्येकानं करून ठेवलेली होती. दारूला नावं मात्र फक्त मी ठेवली होती. मी सगळ्यांचीच माफी मागितली.

परतताना गाडीत मी एकटाच. शोभा व्हायची ती झाली, आता सायलीला काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात. घरी येऊन मीनाला सगळं सांगितलं, तर ती आधीच हसत होती. संध्याकाळीच विहीणबाईंचा फोन येऊन गेला होता.

मी घाबरत विचारलं, काय म्हणाल्या?

तर म्हणे आठवडाभर डेलची झोप उडाली होती. मुलीचे वडील तीस वर्षं लोकांच्या चुका शोधतात हे ऐकून त्यानं ती पेटी दोनदा पुसली होती, दाढी नीट कातरून घेतली होती, आणि माझ्यासमोर काय बोलायचं ते आरशासमोर म्हणून पाहिलं होतं. रेंजवरून परत आला तो शीळ घालतच. बायकोनं विचारलं, कसे आहेत?

डेल म्हणाला, “उगाच घाबरलो होतो गं. मला वाटलं, माणूस फार हुशार असेल. देवाची कृपा, तसं काही नाही.”