परत आलेले शाफ्ट

बाईंना कुणी "विश्वास ठेवा" म्हटलं की त्यांचे कान टवकारलेच म्हणून समजा. बावीस वर्षं एका मोठ्या कारखान्याच्या तपासणी विभागात काढल्यावर असंच होतं, असं त्यांचं म्हणणं. तिथे यंत्रमागांचे सुटे भाग बनत. दिवसाला चार-पाचशे नग त्यांच्या टेबलावरून जायचे आणि प्रत्येक नग करणारा छातीठोकपणे सांगायचा, माझा बरोबर आहे. त्यातले किती बरोबर निघतात ते बाईंना माहीत होतं. कारखान्यात त्यांचं नाव मायक्रोमीटर पडलं होतं. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण त्यांच्या कानावर आलं होतं, आणि खरं सांगायचं तर ते त्यांना आवडतही होतं.

घरीही तीच तऱ्हा. दूधवाल्याचं माप, दुकानदाराच्या बिलाची बेरीज, लेकीच्या हॉस्टेलमधून आलेल्या फोनवर मागून ऐकू येणारे आवाज, सगळं तपासून घ्यायचं. नवरा शाळेत भूगोल शिकवायचा, स्वभावाने निवांत. "हिच्यापुढे नकाशा ठेवला तर ही आधी प्रमाण खरं आहे का विचारते," असं तो आल्यागेल्याला सांगायचा. लोक हसत. बाई हसत नसत, कारण प्रमाण चुकलेलं असू शकतं.

पुढे आसपासचे माग एकेक करून बंद पडले, आणि मागांवर जगणारा कारखानाही आटत गेला. सरतेशेवटी बाईंच्या विभागाला कुलूप लागलं. त्यांचा धाकटा दीर त्याच कारखान्यात टर्नर होता. हुशार, बोलका, चार माणसांत मिसळणारा. तो एके दिवशी म्हणाला, "वहिनी, आपण स्वतःचीच शेड घेऊ या. काम मी आणतो, करून घेतो, बिलं-बँकही बघतो. तुम्ही फक्त तपासा. तुमच्या हाताखालून गेलेला नग परत यायचा नाही."

बाईंनी भागीदारीचा कागद तीनदा वाचला, एक शब्द बदलून घेतला आणि सही केली.

शेडमध्ये दोन लेथ, एक मिलिंग मशीन आणि कारखान्याच्या मोडीतून घेतलेला जुना ग्राइंडर होता. ग्राइंडरबरोबर मामाही आले. मामा म्हणजे त्या मशीनवर उभं आयुष्य काढलेला माणूस. ते कुणाचे मामा हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण सगळे त्यांना मामाच म्हणत. ग्राइंडरचा गोल दगड फिरायला लागला की ते जरा मान कलती करून आवाज ऐकत, आणि आवाज मनासारखा येईपर्यंत नगाला हात लावत नसत.

शेड ज्या गल्लीत होती ती मात्र बदलत चालली होती. वीस शेडपैकी आता सहा-सात ठिकाणीच मशीनं चालत. एका शेडमध्ये पार्सलं छाटायचं गोदाम झालं, एकीत मोबाईलची दुरुस्ती. शेजारच्या शेडमध्ये व्यायामशाळा आली. दीर म्हणायचा, "पूर्वी इथे लोखंड उचलायचे पैसे मिळायचे, आता लोक पैसे देऊन उचलतात."

अशा दिवसांत पॅकिंगची मशीनं बनवणारी एक नवी कंपनी दारात आली. त्यांना रोलरचे शाफ्ट हवे होते, दर महिन्याला. कंपनीचा खरेदीवाला कडक इस्त्रीचा शर्ट घालून आला, बाईंना मॅडम म्हणाला, पाणी दिलं तर दोनदा आभार मानले. बाईंनी त्याचं ड्रॉइंग उलटसुलट करून पाहिलं. कोपऱ्यातली कंपनीच्या नावाची चौकट कापलेली होती.

"हे कशाला कापलंय?"

"आमच्याकडे तशी पद्धत आहे, मॅडम. ड्रॉइंग बाहेर फिरू नये म्हणून."

तो गेल्यावर बाई दिराला म्हणाल्या, "भाऊजी, एवढा गोड बोलणारा खरेदीवाला मी बावीस वर्षांत पाहिला नाही. आपल्याकडून काम कसं करतात ते शिकून घेतील आणि ड्रॉइंग दुसऱ्याला देतील."

"काळ बदललाय, वहिनी. आता गोडच बोलतात." दीर ड्रॉइंगची घडी घालत म्हणाला. "महिन्याला तीनशे नग. गल्लीतल्या कुणाकडे एवढं काम आहे सांगा."

पहिला महिना सुरळीत गेला. दुसऱ्या महिन्यात चाळीस शाफ्ट परत आले. बेअरिंग जिथे बसतं तिथे वीस मायक्रॉनने बारीक. वीस मायक्रॉन म्हणजे केसाच्या जाडीचा जेमतेम चौथा हिस्सा, पण तेवढ्यानेही बेअरिंग सैल बसतं. बाईंनी चाळीसच्या चाळीस मोजले. खरंच बारीक होते. मग स्वतःची वही काढली. तीनशे नगांची तीनशे मापं त्यांच्याच हाताने लिहिलेली, आणि त्यात एकही बारीक नव्हता.

आपण चुकलो असू, ही शक्यता बाईंनी वगळली नाही. फक्त ती सगळ्यात शेवटी ठेवली.

त्याआधी बरंच काही होतं. तो खरेदीवाला होता, ती कापलेली चौकट होती. आणि मामा होते. गेल्या आठवड्यात बाईंनी मामांना गल्लीच्या तोंडाशी त्याच कंपनीच्या स्टोअरकीपरशी बोलताना पाहिलं होतं. मामांनी खिशातून घडी घातलेला कागद काढून त्याच्या हातात दिला होता, आणि बाई दिसताच दोघं वेगवेगळ्या दिशांना गेले होते. आता बाईंच्या डोक्यात एकाला एक लागत गेलं. चष्म्याचा नंबर वाढल्याचं मामा लपवत असतील. बिघडलेले नग बाजूला ठेवून तपासणीनंतर पेटीत घालत असतील. कुणी सांगावं, कंपनीच्या माणसाशी त्यांचं काही साटंलोटंही असेल.

बाईंनी एक युक्ती केली. तिसऱ्या महिन्याच्या कामाला त्यांनी तपासून झालेल्या प्रत्येक शाफ्टच्या टोकाला, मधल्या भोकाच्या कडेला, पंचने सुईच्या अग्राएवढा ठिपका मारला. कुणाला सांगितलं नाही, अगदी दिरालाही. आपल्या टेबलावरून गेलेला नग कोणता, हे आता त्यांना एकटीला कळणार होतं.

पण ठिपक्यांचं उत्तर यायला महिना होता आणि बाईंना तेवढा धीर निघाला नाही. दीर लेथवर होता, मामा दगडाला घासायचा हिरा लावून तो सरळ करत होते. बाई ग्राइंडरपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"मामा, त्या दिवशी स्टोअरकीपरला कसला कागद दिलात?"

मामांनी मशीन बंद केलं. दगड पूर्ण थांबू दिला.

"जावयाचा अर्ज होता. त्यांच्याकडे स्टोअरमध्ये जागा आहे म्हणत होते."

"मग मला पाहून वळलात कशाला?"

"तुम्ही शंभर प्रश्न विचारले असते म्हणून."

"चाळीस शाफ्ट परत आलेत, मामा. ग्राइंडिंग तुमच्याशिवाय कुणी करत नाही. मी प्रत्येक नग मोजून पाठवलाय. मग ते बारीक नग पेटीत गेले कसे, हे मला कुणीतरी सांगायला हवं."

लेथ थांबला होता. दीर दोघांकडे पाठ करून चिंधीला हात पुसत उभा होता, बराच वेळ पुसत होता.

मामांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "बारीक झालेला नग मी स्वतः भंगारात टाकतो, बाई. तुमच्या टेबलापर्यंत येऊ देत नाही. एवढी वर्षं बघताय तुम्ही."

"बघतेय म्हणूनच विचारतेय."

मामांनी मशीन पुसलं, तेलाचा हात फिरवला, वर कापड टाकलं. आपल्या कपाटाची किल्ली बाईंच्या टेबलावर ठेवली आणि डबा घेऊन निघून गेले. ग्राइंडर पुढे दीर चालवू लागला. कामाला वेळ लागे, पण माप बरोबर येई.

महिनाअखेरीला त्रेपन्न शाफ्ट परत आले. बाईंनी ऑफिसचं दार आतून लावलं आणि भिंगाखाली एकेक टोक धरलं. ठिपका नाही. दुसऱ्यालाही नाही. त्रेपन्नपैकी एकाही शाफ्टला ठिपका नव्हता.

बाईंना एकदम हलकं वाटलं. शाफ्ट आपले नव्हतेच. कंपनी दुसऱ्या कुणाचे तरी बिघडलेले नग आपल्या माथी मारत होती, आणि पहिल्या दिवसापासून हा वास त्यांनाच आला होता. मामांना आपण उगाच बोललो, हेही मनात आलं. पण आधी चोर पकडावा, माफी मागाहून मागता येईल, असं ठरवून त्यांनी सहा शाफ्ट पिशवीत घातले आणि दिराला न सांगता बसने कंपनी गाठली.

खरेदीवाल्याने सगळं शांतपणे ऐकलं. भिंग मागवलं, शाफ्ट पाहिले. मग आवक-नोंदीची फाईल आणायला सांगितली आणि बाईंपुढे उघडली.

"मॅडम, आमची ऑर्डर पाचशेची आहे. तुमच्याकडून प्रत्येक वेळी मालाबरोबर दोन चलनं येतात. हे तीनशेचं, आणि हे दोनशेचं. बघा तुम्हीच."

बाईंनी बघितलं. दोन्ही चलनं त्यांच्याच शेडची, एकाच तारखेची. तीनशेच्या चलनावर त्यांची सही होती. दोनशेच्या चलनावर दिराची. सहीतल्या शेवटच्या अक्षराची शेपटी त्यांनी बोट ठेवून पाहिली. खोटी सही असती तर त्यांना त्या क्षणी फार बरं वाटलं असतं.

शेडवर परतल्या तेव्हा दीर पेटी बांधत होता. बाईंनी पिशवी टेबलावर ठेवली.

"दोनशे नग कुठे होतात, भाऊजी?"

त्याने वर पाहिलं आणि खोटं बोलण्याचा प्रयत्नही केला नाही. "मागच्या गल्लीत. त्या एका लेथवाल्याकडे. आपल्या ग्राइंडरवर महिन्याला तीनशेच्या वर निघत नाही आणि कंपनीला पाचशेच हवे होते. नाही म्हटलं असतं तर सगळं काम गेलं असतं."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"तुम्ही बाहेर काम द्यायला हो म्हणाला असता?"

"नाही."

"मग?"

बाई खुर्चीवर बसल्या. दोनशे नगांच्या पैशाचा कागद दिराने आपणहून पुढे केला. त्यांनी तोही तपासला. सगळं त्या लेथवाल्याला गेलेलं होतं, दिराने मधे काही ठेवलं नव्हतं. चोरी नव्हतीच. बाईंच्या आयुष्यात पहिल्यांदाच हिशेब बरोबर निघाल्याचा त्यांना त्रास झाला.

"मी मामांना बोलले, तेव्हा तुम्ही इथेच उभे होता," त्या म्हणाल्या.

"हो."

"तुम्हाला माहीत होतं."

दिराने दोरीची गाठ सोडली, पुन्हा बांधली. "बोलायला तोंड उघडलं होतं, वहिनी. पण तुम्ही माझ्याकडे त्याच नजरेने बघितलं असतं. धीर झाला नाही."

दुसऱ्या दिवशी बाई मामांच्या घरी गेल्या. दुसऱ्या मजल्यावरची खोली. खिडकीशी मामा टेबलफॅन उघडून बसले होते, मुलगी गॅलरीत कपडे वाळत घालत होती. बाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं. "मामा, माझं चुकलं. ते शाफ्ट तुमच्या हातचे नव्हते."

"ते मला माहीत होतं," मामा म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "कुठे केले होते?"

बाईंनी सांगितलं.

"त्याच्या ग्राइंडरचा दगड फिरवणारा स्पिंडल गेलाय. गरम झाला की माप सोडतो. सकाळचे नग बरोबर निघतील, दुपारनंतरचे बारीक."

"परत या, मामा."

"नाही."

"मी माफी मागितली."

"मागितलीत, मी घेतली. पण उद्या पुन्हा नग परत येईल आणि तुम्ही पुन्हा माझ्याकडे बघाल. तो तुमचा स्वभाव आहे, त्याला मी नावं ठेवत नाही. तुमच्या त्या स्वभावावरच शेड चाललीय. पण आता ह्या वयात मला ते सोसवत नाही."

मुलीने चहा आणला. बाईंनी तो पूर्ण प्यायला, कारण अर्धा ठेवून उठणं बरं दिसलं नसतं.

कंपनीला बाईंनी घडलं ते सगळं लिहून कळवलं. चार दिवसांनी खरेदीवाला स्वतः आला. ह्या वेळी पाण्याचे आभार मानले नाहीत.

"मॅडम, असं कुणी लिहून देतं का?" त्याने पत्र टेबलावर ठेवलं. "यामागे नेमकं काय आहे, ते सांगा."

"जे आहे ते लिहिलंय."

"भागीदारीत काही भांडण आहे का? शेड विकताय?"

तो त्यांच्या चेहऱ्यावर काही सापडतंय का ते शोधत होता. बाईंनी ती नजर ओळखली. आपण हीच नजर आयुष्यभर लोकांवर रोखत आलो, आणि समोरच्याला ती अशी लागते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्याला काही सापडलं नाही, आणि त्यामुळे त्याचा संशय वाढलाच. कंपनीने तीनशे नगांचं काम ठेवलं, उरलेलं दुसरीकडे दिलं आणि सहा महिने प्रत्येक पेटी फोडून तपासली.

मामा आणखी महिनाभर घरी बसले. मग मागच्या गल्लीतल्या त्याच लेथवाल्याकडे कामाला लागले. आधी स्पिंडल दुरुस्त करायला लावला, मगच दगडाला हात लावला. वर्षभराने हॉस्पिटलचे पलंग बनवणाऱ्यांचं काम बाईंच्या शेडला मिळालं, आणि हाताबाहेर जायला लागलं तेव्हा बाई स्वतः मागच्या गल्लीत जाऊन जादा नग देऊन आल्या. आता ते वेगळ्या पेटीत, वेगळ्या चलनावर येतात. एकही बारीक निघत नाही. बाई तरीही सगळे मोजतात. मामांना ते कळलंय. कामापुरतं ते बाईंशी बोलतात, त्यापलीकडे नाही.

दोनशे नगांची गोष्ट उघडी पडली त्या दिवसापासून दीर एक करतो. कुठलीही ऑर्डर आली की मूळ कागद तो बाईंच्या टेबलावर आणून ठेवतो. बाई तो वाचतात, तारीख बघतात, नगांचा आकडा बघतात. मग फोन उचलून कंपनीला विचारतात, की तुमची ऑर्डर कितीची आहे. दीर पलीकडे लेथवर असतो. त्याला सगळं ऐकू येतं. तो मान खाली घालून काम करत राहतो.